खंडेनवमीचा जॅक

दर शनिवारी पहाटे साडेपाचला सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत माझे वडील गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसायचे आणि व्हॉल्व्हला थुंकी लावायचे. बोटावर घेऊन, नीट, चारही चाकांना आणि शेवटी डिकीतल्या स्टेपनीला. खोटं कशाला सांगू, मला त्याची लाज वाटायची. गल्लीत पाण्याची लाइन त्याच वेळेला यायची, त्यामुळे बघायला सगळ्या बायका हजर. मी तेवीस वर्षांची, बी.एड. झालेली, आणि आमचे आबा सगळ्यांसमोर टायरला थुंकी लावतायत.

त्याला कारण होतं. आबा भेस्तानच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात फिटर होते. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. हवा गळत असली तर तुम्हाआम्हाला बारीक सुस्कारा ऐकू येतो, त्यांना येत नसे. म्हणून थुंकी. बुडबुडा आला की व्हॉल्व्ह गळतोय, नाही आला की ठीक. कान गेले तर डोळ्यांनी ऐकायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

गाडी म्हणजे त्यांच्या शेठची जुनी पांढरी गाडी. शेठनं नवी घेतल्यावर ही कारखान्याच्या मागे लिंबाखाली पडून होती, तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आबांनी ती मागून घेतली, टेम्पोला बांधून घरी आणली आणि सात महिने रविवार-रविवार खपून चालती केली. इंजिनाचं त्यांना फार कौतुक नव्हतं. ते म्हणायचे, "गाडी इंजिनवर चालस नही, हवावर चालस." पुढे चोवीस पौंड, मागे सव्वीस, स्टेपनीत अठ्ठावीस, कारण ती बिचारी वापराविना हळूहळू उतरत जाते. हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ होते. पेट्रोल पंपावरच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा स्वतःचा, पेनाएवढा, खिशात बसणारा काटा होता, आणि त्यानं ते फक्त गार टायर मोजायचे. गाडी चार किलोमीटर चालली की टायर तापतं, आतली हवा फुगते, काटा वर चढतो आणि माणूस खूश होतो, असं त्यांचं म्हणणं. टायर मधूनच झिजलंय की दोन्ही कडांनी, हे ते माय भाकरीची बाजू बघते तसं एका नजरेत बघायचे. मधून झिजलं तर हवा जास्त, कडांनी झिजलं तर कमी.

मला त्यांनी गाडी शिकवली ती रेल्वेलाइनजवळच्या मोकळ्या मैदानात. पण किल्ली हातात द्यायच्या आधी माझ्याकडून गल्लीत चार वेळा चाक काढून घेतलं आणि चार वेळा बसवून घेतलं. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या शेजारणींची चांगली करमणूक झाली. "काय व, गॅरेज काढशी का आते?" एकीनं विचारलं. मी रागानं पाना असा आपटला की आबांनी तो उचलून धोतराच्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. हत्यार आपटणं त्यांना शिवी दिल्यासारखं वाटायचं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या दिवशी घडलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, आणि आम्ही सुरतेला आलेल्या खानदेशी लोकांनी त्यात लूमचे पाने घातले. घरात पाट मांडायचा, त्यावर विळी, कात्री, शिवणाचं मशीन, मुलांची पुस्तकं. हळदकुंकू, झेंडूचं फूल. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. तो तिच्या सुट्टीचा दिवस. आबा तर त्या दिवशी साधी करवतही उचलत नसत. माझ्या जन्माआधीपासूनचा त्यांचा नेम होता तो.

गुजराती लोकांत हे दसऱ्यालाच होतं. म्हणूनच त्या वर्षी एका शाळेनं मला मुलाखतीला बोलावलं ते नेमकं नवमीला. चलथाणच्या पुढे, बारडोलीच्या रस्त्याला, एका गावातली गुजराती माध्यमाची शाळा होती. विज्ञानाची शिक्षिका हवी होती. अकरा वाजता हजर राहायचं, एक धडा शिकवून दाखवायचा, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

ही नोकरी मला किती हवी होती ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण प्रयत्न करते. धुळ्याच्या मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याकडे सुनेनं नोकरी करायची नाही, असं आधीच बजावलेलं. माय तयार होती. आबा एवढंच म्हणाले होते की पोरीला दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर मामाला मी नाही म्हणून सांगेन. वर्षभर मी अर्ज करत होते आणि दिवाळीआधी बोलावणं आलं ते हे एकच. हे हुकलं तर कार्तिकात माझं लग्न ठरलेलंच होतं.

मला बसनं जायचं होतं. आबांनी हट्ट धरला, गाडीनंच जायचं. बसमधून चुरगळलेली साडी नेसून मास्तरीण कशी दिसेल, हा एक मुद्दा, आणि बस वेळेवर येईल याची खात्री कोण देणार, हा दुसरा. मी खूप वाद घातला. त्यांना अर्धा ऐकू आला असेल. शेवटी ठरलं ते त्यांच्या मनासारखं, फक्त चालवणार मी, कारण खंडेनवमीला ते हत्याराला हात लावत नाहीत आणि स्टिअरिंगही त्यांच्या मते हत्यारच. गाडीची पूजा दसऱ्याला करायची, म्हणजे आज तिला रस्त्यावर काढायला हरकत नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "डिकीमातलं सामान पाटवर ठेवू नको. त्यानी पूजा दसराले, गाडीसंगे."

नवमीला पहाटे ते उठले, पूजा लागायच्या आत चारही चाकं मोजली, थुंकी लावली, "बराबर" म्हणाले आणि सायकलवरून कारखान्यातल्या पूजेला निघून गेले. पूजा आटोपून नऊला परत यायचे होते. घरात माय पाट मांडत होती. तिनं विळी ठेवली, मशीन ठेवलं, माझ्या पदव्यांची फाइलसुद्धा ठेवून, हळदकुंकू न लावता, पुन्हा माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "आज तू गाडी चालाडशी आनि चाकनं सामानच नही पाटवर? हाई काय पूजा व्हयनी?"

मी गेले आणि डिकीतून जॅक, पाना आणि हवेचा काटा घेऊन आले. दोष मायचा नाही. मी नाही म्हटलं असतं तर ती गप्प बसली असती. पण मला त्या दिवशी कुठल्याच देवाला नाराज करायचं नव्हतं. ज्या गाडीतून मी माझं नशीब काढायला निघाले होते तिचा जॅक पूजेविना राहिला, असं नको व्हायला, हे खूळ माझ्याच डोक्यात शिरलं. आरती झाल्यावर गुपचूप परत डिकीत ठेवू, असं ठरवलं होतं. पण हळदकुंकू लागल्यावर मायसमोर पाटावरून उचलायची माझी छाती होईना. आणि मनात म्हटलं, पाऊण तासाचा तर रस्ता. टायर आबांनी आजच तपासलेत. आबांनी तपासलेलं टायर बसतं का कधी?

नऊ वाजता आबा आले. कपाळावर कारखान्यातला कुंकवाचा टिळा, शर्टाच्या खिशात झेंडूचं फूल. गाडीत बसताना, सामान आहे ना, हा नेहमीचा प्रश्न आला, "डिकीमा सामान शे ना?"

"शे," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.

गल्लीच्या तोंडाशी गरब्याचा मंडप होता, बांबू आणि पताका अर्ध्या रस्त्यात आलेल्या. तिथून मी गाडी जपून काढली. मग मात्र रस्ता मोकळा मिळाला. दोन्हीकडे ऊस उभा, अजून तोड सुरू व्हायची होती. इतक्या लांब मी पहिल्यांदाच चालवत होते. आबा शेजारी बसून गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होते, त्यांना बरं वाटत असलं की ते तसं करायचे. मी मनातल्या मनात गुजरातीत धडा घोकत होते. प्रकाशसंश्लेषण शिकवणार होते, त्याचा तीन दिवस खपून रंगवलेला मोठा तक्ता गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला होता.

चलथाणच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. आधी वाटलं रस्त्याचा उतार असेल. मग पुढून फटफट आवाज यायला लागला. आबांना तो ऐकू येत नव्हता, ते निवांत ताल धरून होते. मी घाबरून पाय ब्रेककडे नेला, तेवढ्यात त्यांनी पायाखालच्या पत्र्याची थरथर ओळखली असावी. त्यांचा हात माझ्या गुडघ्यापुढे आडवा आला.

"ब्रेक नको दाबू. सरळ धर. तिले आपोआप हळू होऊ दे."

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, पाय उचलला, गाडी मंद होत गेली. पुढे रस्त्याच्या कडेला मुरुमाची सपाट जागा होती, तिथे उतरवून उभी केली. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला. खाली उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक पार चपटं. आबांनी दोन धोंडे शोधून मागच्या उजव्या चाकाला पुढून-मागून अडकवले आणि घड्याळ पाहिलं. पावणेदहा. ते हसलेसुद्धा. "पंधरा मिनिटनं काम शे. तू करशी. काढ सामान."

मी डिकीपाशी जाऊन उभी राहिले. उघडावीशी वाटेना. जणू न उघडता थांबले तर आत जॅक येऊन बसणार होता.

आबांनीच उघडली. स्टेपनी होती. बाकी रिकामं.

"जॅक कोठे शे?"

"पाटवर."

"कोना पाटवर?"

"आपला घरना. आबा, मी ठेवं. मायनं नही, मीच."

त्यांनी पुन्हा एकदा डिकीत पाहिलं. मग माझ्याकडे. "तू मले 'शे' सांगं व्हतं."

एवढंच. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, तेवढी माझी तयारी नेहमीच असते. पण ते स्टेपनी बाहेर काढून तिच्यावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. त्या एका वाक्यानं मला जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात नंतर कधी वाटली नाही. रडू आलं. नोकरी जाणार म्हणून आलं की त्यांच्याशी खोटं बोलले म्हणून, ते मलाच कळत नव्हतं. दोन्ही एकदमच होतं.

"रडू नको. टाइम नही शे." त्यांनी हात करून एक टेम्पो थांबवला. टेम्पोवाल्याकडे जॅक होता, पण मालाच्या मोठ्या गाडीचा, आमच्या गाडीखाली न शिरणारा, आणि पाना आमच्या नटांना दुप्पट मोठा. तो म्हणाला, पुढच्या फाट्यावर ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. बहेनला थोडं पुढे सोडू का? आबांनी माझ्याकडे पाहिलं. टेम्पो बारडोलीला जाणार नव्हता, कडोदऱ्यालाच वळणार होता. मी फाट्यापर्यंतच बसले.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. एक म्हातारे काका जमिनीवर बसून ट्रॅक्टरचा कुठलासा दांडा घासत होते. मी गुजरातीत सगळं सांगून टाकलं. चाक बसलं, जॅक घरी, पाटावर, हळदकुंकू लावून, अकराला मुलाखत. सांगताना मलाच ते इतकं वेड्यासारखं वाटलं की मध्येच थांबले.

काका हातातलं काम ठेवून हसले. "तमारामां पूजा आजे? अमारे तो काले, बेन." मागच्या फळीवरून त्यांनी एक स्क्रू-जॅक काढला आणि अधिकच्या चिन्हासारखा चार तोंडांचा पाना. "आमांथी एक तो बेसशेज. काले सवारे पाटला पर मूकवानां छे, सांज पहेलां आपी जजो."

चारांतलं एक तोंड तरी बसेलच, आणि उद्या पाटावर ठेवायचे म्हणून संध्याकाळच्या आत परत द्या, एवढंच; ना नाव विचारलं, ना गाव, ना काही ठेवून घेतलं. एका दिवसाच्या फरकानं आमचे पाने सुट्टीवर होते आणि त्यांचे कामावर. हे मला आजही आठवलं की बरं वाटतं.

जॅक वजनाला चांगलाच भरला. तान्हं लेकरू घ्यावं तसा कडेवर घेतला, पाना खांद्यावर, आणि आकाशी साडी खोचून उन्हात चालत निघाले. दोन फर्लांग असेल. येणाजाणारे वळून वळून बघत होते. बघू देत.

आबा उभे होते, हात मागे बांधून. मी सामान खाली ठेवलं तसे ते झटक्यानं एक पाऊल पुढे आले आणि थांबले. सकाळीच त्यांनी स्वतःचे पाने कारखान्याच्या पाटावर मांडले होते. मी म्हटलं, "तुम्ही नका. मीच करते."

गुडघे टेकायला काही हवं होतं. मी मागच्या सीटवरून तक्ता काढला आणि मुरुमावर पसरला, रंगीत बाजू वर. हिरवी पानं, पिवळा सूर्य. त्यावर बसले.

आबा बोलत गेले आणि मी करत गेले. "पहिले नट ढिला कर, मंग उचल. उचलेल गाडीवर जोर लावू नको." चार नटांपैकी तीन अर्ध्या वेढ्यानं ढिले झाले. चौथा हलेना. मी पान्यावर लटकले, चप्पल काढून त्यावर उभी राहिले, सगळं अंग टाकलं. नट गंजून बसला होता. हातांना फोड येईल असं वाटलं. रस्त्यावरून बस गेली, बारडोलीची, माझीच, जिच्यातून मी येणार होते. सव्वादहा होऊन गेले होते.

"आबा, हा निघत नाही."

ते माझ्याकडे बघत होते, पान्याकडे नाही. मग त्यांनी वहाणा काढल्या. खिशातलं झेंडूचं फूल काढून बोनेटवर ठेवलं, वाकून पान्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि पाना धरला. एक झटका. नट कुरकुरला आणि सुटला. त्यांनी पाना पुन्हा माझ्या हातात दिला आणि हात मागे बांधून घेतले. डोळे ओले होते की उन्हानं, मी पाहिलं नाही. मला पाहवलंच नाही.

पुढचं भरभर झालं. गाडी उचलली, चाक काढलं, ते काढलेलं चाक आबांनी पायानं सरकवत गाडीखाली टाकायला लावलं, जॅक घसरलाच तर गाडी जमिनीवर न आदळता चाकावर बसते म्हणून. स्टेपनी चढवली. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, गोल गोल नाही, नाहीतर चाक तिरपं बसतं. जमिनीवर उतरवून पुन्हा सगळे आवळले. आबांनी वाकून स्टेपनीच्या व्हॉल्व्हला थुंकी लावली. बुडबुडा नाही.

शाळेत पोचलो तेव्हा अकराला तीन मिनिटं कमी होती. साडीच्या काठाला वंगण, हात कोपरापर्यंत काळे, नळावर धुऊन ते फक्त राखाडी झाले. तक्ता उलगडला तर सूर्याला भोक आणि पानांवर माझ्या गुडघ्यांचे दोन खड्डे. मी तो पुन्हा गुंडाळला.

आत आधी दोन उमेदवार होते. माझी पाळी आली तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं? मी खरं सांगितलं. त्या दिवसापुरतं खोटं पुरे झालं होतं. मग म्हटलं, माझा तक्ता खराब झालाय, तुमची परवानगी असेल तर मी हवेचा दाब शिकवते. वर्ग बाहेर न्यावा लागेल.

आठवीचा वर्ग आमच्या गाडीभोवती उभा राहिला. मुख्याध्यापक आणि दोन विश्वस्त मागे. बसलेलं चाक डिकीतून काढून भरलेल्या चाकाशेजारी ठेवलं, मुलींना दोन्ही अंगठ्यानं दाबायला लावली. हवेला वजन असतं का, ती एवढी मोठी गाडी कशी उचलून धरते, टायर तापलं की आत काय होतं. एका मुलीनं विचारलं, "बेन, तो पछी ठंडुं होय त्यारे ज मापवानुं ने?" गार असतानाच मोजायचं, हे तिचं तिनंच काढलं. मी आबांकडे पाहिलं. ते गाडीच्या पलीकडे उभे, त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता. मी त्यांना खुणेनं व्हॉल्व्ह दाखवला. ते पुढे आले, बोटावर थुंकी घेतली आणि तीस-चाळीस पोरांसमोर व्हॉल्व्हला लावली. वर्ग खो खो हसला. मग मी सांगितलं की माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, म्हणून ते गळती अशी बघतात. हसणं थांबलं आणि सगळे वाकून बघायला लागले. मलाही त्या दिवशी पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "दिवाळी पछी निशाळ ऊघडे त्यारे आवी जजो, बेन." विश्वस्तांनी मान डोलावली. दिवाळीनंतर शाळेत रुजू व्हायचं, हे मी गाडीत बसून आबांना मोठ्यांदा सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा त्यांना ऐकू आलेलं होतं, तरी पुन्हा सांग म्हणाले.

परत येताना काकांचं सामान पुसून परत दिलं. त्यांनी बसलेलं चाक खोलून ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुड्यांवर बोट ठेवलं आणि टायरमधून दीड इंची खिळा काढला. मंडपाचा. आमच्याच गल्लीतला असणार. आबांनी तो हातात फिरवून पाहिला आणि खिशात ठेवला.

घरी पोचल्यावर मायनं आधी नोकरीचं ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग तिचं लक्ष आबांच्या उजव्या तळहाताकडे गेलं. काळा होता. "हाई काय? आज हत्यार धरं का?"

"गाडी पुसी," आबा म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात दोन वेळा खोटं बोललं गेलं. एक माझं आणि एक माझ्यासाठी. मामांना त्यांनी त्याच आठवड्यात पत्र टाकलं. त्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण मामा दिवाळीला नेहमीसारखे आले आणि फराळाला नावं ठेवून गेले, म्हणजे ठीकच लिहिलं असणार.

दसऱ्याच्या सकाळी पाट उचलायची वेळ झाली. आबांनी मला आपट्याचं पान दिलं, मी त्यांना दिलं, पाया पडले. मग त्यांनी पाटावरचा हवेचा काटा उचलला, हळदकुंकू तसंच ठेवून माझ्या हातात दिला.

"आतेपासून तू मोज. मी तुले इचाराव नही."

मला ते लागलं. मला वाटलं, हा राग आहे, जन्मभर पुरणारा. दिवाळीपर्यंत मी तोच अर्थ घेऊन फिरत होते. शनिवारी पहाटे मी चाकं मोजायची आणि ते ओट्यावर बसून चहा प्यायचे, एका शब्दानं विचारायचे नाहीत. न विचारणं त्यांना किती जड जात होतं ते मात्र दिसायचं. कप हातात तसाच राहायचा, चहा गार व्हायचा.

शाळा उघडली त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले. माय दही घेऊन दारात. आबा गाडीपाशी आले, पुढचं डावं चाक सवयीनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, माझ्या खिडकीशी वाकले. प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला आणि बाजूला झाले. वर्षानुवर्षं दर वेळी विचारलेला प्रश्न त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून गिळला होता. तेव्हा मला कळलं की तो राग नव्हताच.

मी इंजिन बंद केलं. उतरले. मागे जाऊन डिकी उघडली आणि त्यांना हातानं बोलावलं. जॅक, पाना, स्टेपनी, काटा. एकेका वस्तूवर हात ठेवून दाखवला. मग त्यांच्या कानाशी जाऊन, त्यांना नक्की ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,

"शे, आबा."

त्यांनी मान हलवली आणि डिकी स्वतःच्या हातानं लावली.